चाळिसावा मासा

बटणाएवढ्या बॅटरीपायी माणसाने किती डोकं पिकवून घ्यावं, यालाही काही मर्यादा असते. निशिवाकी आजी चौथ्यांदा दुकानात शिरल्या तेव्हा हामागुचीची ती मर्यादा संपली.

"दादा, परत पुसलं गेलं रे," म्हणत आजींनी सवयीप्रमाणे लिंबाच्या चार गोळ्या काउंटरवर ठेवल्या आणि शेजारी तो जुना, हातात धरून खेळायचा गेम.

निप्पोनबाशी बाजाराच्या त्या गल्लीत हामागुची तीस वर्षं असले गेम दुरुस्त करत होता. त्यात घालायची मासेमारीच्या खेळाची ही कॅसेट खरं तर आजोबांची. चाळीसपैकी एकोणचाळीस जातींचे मासे त्यांनी गळाला लावले आणि मग त्यांचे हात कापायला लागले. आता ते इस्पितळात होते आणि चाळिसावा मासा आजींच्या गळ्यात पडला होता. तेवढ्यात कॅसेटमधली बॅटरी मरायला टेकली. हामागुचीने एकोणचाळीस माशांची नक्कल संगणकात उतरवली, नवी बॅटरी घातली, मासे परत भरले. वर हौसेने कॅसेटच्या पाठीला छोटी खिडकी कापून बॅटरीला खोबण केली. "आता सोल्डरची कटकट नाही, नखानं काढा नि नखानं बसवा," असं छाती फुगवून सांगितलंही.

तेव्हापासून आजी दर आठवड्याला हजर. त्याने खोबण बदलली, बॅटरी बदलली, कॅसेटच्या धातूच्या पट्ट्या स्पिरिटने पुसल्या. दुकानात कॅसेट दोन-दोन दिवस ठेवून पाहिली तरी एक मासा हलला नाही. आजींच्या घरी गेली की पाटी कोरी.

"आत फुंकर मारता का?"

"तू ओरडलास तेव्हापासून नाही."

"गेम चालू असताना कॅसेट उपसता?"

"मी काय वेडी आहे?"

"मग भुताटकीच म्हणायची! घरी काय करता ते इथं करून दाखवा. काही गाळायचं नाही."

त्याने चरफडत पुन्हा मासे भरून दिले. आजी थोडं खेळल्या, नोंद केली, गेम बंद केला, कॅसेट काढली. मग नखाने खिडकी उघडून बॅटरी बाहेर घेतली, कागदी रुमालात गुंडाळली आणि औषधांच्या डबीत ठेवली.

हामागुची असा ओरडला की शेजारचा दुकानदार डोकावला. "आजी! बॅटरी का काढलीत?"

"वापरत नाही तेव्हा काढून ठेवावी. रिमोटची काढते, टॉर्चची काढते. उगाच संपते."

"संपू दे की! गेम मोठ्या सेलवर चालतो. ही फक्त मासे लक्षात ठेवते. ही काढली की मासे गेले! तीन आठवडे माझं रक्त आटवलंत!"

"नखानं काढा, असं तूच म्हणालास."

"दहा वर्षांनी, संपल्यावर!"

"ते नाही म्हणालास."

ते तो खरंच म्हणाला नव्हता, आणि म्हणूनच त्याला जास्त संताप आला.

"तीनदा धरला मी चाळिसावा," आजी हळू आवाजात म्हणाल्या. "तीनदा सकाळी त्यांना दाखवायला नेला. तीनदा काही नाही. पहिल्यांदा हसले. आता म्हणतात, माझी समजूत घालायला खोटं बोलतेस. पन्नास वर्षांत मला खोटारडी म्हणाले नव्हते रे. आता गेमकडे बघतही नाहीत."

हामागुचीने डबीतली बॅटरी सोल्डरने पक्की केली, खिडकी गोंदाने बंद केली, मासे भरले आणि स्टूल पुढे सरकवलं. "इथंच बसा. पकडा."

दोन तास लागले. चाळिसावा मासा मिशाळ आणि चांगलाच कुरूप निघाला. आजींनी नोंद केली.

"आता बंद करून परत चालू करा. तपासू."

"नाही." आजींनी चालू गेम छातीशी धरला. "तू चल माझ्याबरोबर. चूक कोणाची ते त्यांना सांग."

हामागुचीने शटर ओढलं. वाटेत त्याने आजींची चूक दाखवणारं सगळं मनात जुळवलं: रिमोट, टॉर्च, रुमाल, डबी. इस्पितळात दोघांना पाहताच आजोबांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. "आता साक्षीदार आणलास?"

हामागुची कमरेत वाकला. "चूक माझी, निशिवाकीसान. मी नीट सांगितलं नव्हतं. तुमच्या बायकोनं तो मासा चार वेळा पकडलाय."

आजोबांची मान सावकाश वळली. "चार वेळा? आणि मी तुला खोटारडी म्हणालो."

"हो, म्हणालात," आजी म्हणाल्या. "आता बघा."