सान्तो स्तेफानोच्या दिवशीची फळी

माझ्या थोरलीचा, इवानाचा, बाप्तिस्मा झाला त्याच वर्षीचा हा नाताळ. साल १९५३. नाताळच्या दुसऱ्या दिवशी, सान्तो स्तेफानोला, माझी नणंद दिर्चे हिला मागणी घालायला खालच्या गावचे लोक यायचे होते. नेल्लो, त्याची आई झाइरा आणि बाप आन्सेल्मो. नेल्लो आणि दिर्चेचं आपसात ठरलेलंच होतं. झाइराबाईंनी हो म्हणायचं तेवढं राहिलं होतं.

आमच्या इटलीच्या डोंगरात पाहुण्यांसमोर आधी खारवलेलं मांस मांडलेली लाकडी फळी येते, मग बाकीचं जेवण. फळी बघून लोक घर जोखतात. मी आणि दिर्चे सकाळपासून तिच्याच मागे होतो. एका कडेला सलामी, म्हणजे आतड्यात भरून सुकवलेलं मांस, तिरकी कापलेली. तिच्या शेजारी कोप्पा, म्हणजे डुकराच्या मानेचं खारवलेलं मांस, इतकं पातळ की खालचं लाकूड दिसावं. चीजचे फोडलेले खडे, मोहरी घातलेला बिहीचा मुरंबा, व्हिनेगरमधले बारके कांदे. मधली जागा रिकामी ठेवली. ती मांडीची. वर्षभर टांगून ठेवलेली डुकराची मांडी पाहुण्यांच्या डोळ्यांदेखत कापायची, आणि ती घरच्या पुरुषानं.

"वहिनी, माझे काप सगळे वाकडे पडतायत गं."

"मग तू कांदे लाव. ते वाकडे लावले तरी गोलच दिसतात."

पाहुणे आले. आन्सेल्मोकाका टोपी काढायच्या आधी फळीशी पोचले.

"सूनबाई, कोप्पा कुणी केला हा? जिभेवर ठेवला की विरघळतोय."

"अहो, आधी बसा तरी," झाइराबाई म्हणाल्या. "घरी उपाशी ठेवते की काय मी तुम्हाला!"

माझा नवरा ग्वेरिनो मांडी घेऊन आला. वरचे काप गुलाबी निघाले. सुरी हाडापाशी गेली आणि वास आला. सडका. टेबलापलीकडे झाइराबाईंनी नाकाला रुमाल लावला.

सासूबाईंनी मांडीकडे पाहिलंच नाही. त्यांनी दिर्चेकडे पाहिलं.

"हिनं केलं हे. मीठ लावायच्या दिवशी हिला पाळी होती. बजावलं होतं, त्या खोलीकडे फिरकू नकोस. तरी मिठाचं घमेलं घेऊन आली. आली होतीस की नाही गं?"

"आत नव्हते आले, आई. दारातूनच दिलं."

"दारातून म्हणे! मग हे काय?"

पाळीतल्या बाईचा हात लागला की मांस नासतं, असं आमच्याकडे मानतात. आदल्या डिसेंबरात दिर्चेनं आपल्या तोंडानं खरं सांगितलं होतं, आणि दिवसभर गोठ्यात गाईंपाशी काकडत बसली होती. आता त्या खरेपणाचंच पाप तिच्या पदरात पडलं.

झाइराबाई दिर्चेशी बोलल्याच नाहीत. सासूबाईंना म्हणाल्या, "आमच्याकडे वर्षाला चार डुकरं कापतात. असा हात घरात आलेला मला चालणार नाही."

मी ग्वेरिनोकडे पाहिलं. मांडी पारखायची सुई असते, घोड्याच्या हाडाची. ती टोचायची, हुंगायची आणि भोक लगेच चरबीनं बुजवायचं, नाहीतर आत हवा जाऊन मांस हाडापाशी सडतं. वर्षातून एकदा, फार तर दोनदा. यानं अख्खा शरद ऋतू दर रविवारी दोस्तांपुढे सुई खुपसली होती. "हुंगा, हुंगा! असा वास कुणाच्या घरी आहे का?" भोकं तशीच. मी टोकलं, तर म्हणाला, तुला काय कळतं. आता तो मान खाली घालून सुरी पुसत होता. स्वच्छ झालेली सुरी परत परत पुसत होता.

मी तान्ही इवाना दिर्चेच्या मांडीवर ठेवली आणि उभी राहिले.

"अहो, बोला की. सुई कोण खुपसत होतं? भोकं कुणी बुजवली नाहीत?"

"आर्जा, गप्प बस. पाहुणे बसलेत."

"तिचं नाव घेताना पाहुणे नव्हते का बसलेले?"

तो पुन्हा सुरी पुसायला लागला. मग माझं डोकं फिरलं.

"सासूबाई, त्या दिवशी मलाही पाळी होती. मी बोलले नाही. तुमचं मनगट सुजलेलं, मीठ चोळायला दुसरं होतं कोण? ही सलामी त्याच दिवशी मी भरली. कोप्पा मी बांधला. आन्सेल्मोकाका, आत्ता तुमच्या तोंडात आहे ना, तो."

काकांचा जबडा थांबला. क्षणभरानं परत हलला आणि त्यांनी घास गिळला.

"मला तर चांगला लागला," ते म्हणाले.

"थुंका ते!" झाइराबाई ओरडल्या.

मला वाटलं होतं, आता तरी यांच्या डोक्यात उजेड पडेल. चांगलं मांस समोर होतं, ते कुणाच्या हातचं तेही समोर होतं. झाइराबाईंनी शाल खांद्यावर घेतली. "म्हणजे या घरात दोघी तसल्याच," असं म्हणून त्या दाराशी गेल्या आणि हाक मारली, "नेल्लो!" नेल्लोनं दिर्चेकडे एकदा बघितलं. मग टोपी उचलली आणि आईच्या मागे गेला. तेवीस वर्षांचा बाप्या, आईनं हाक मारली म्हणून गेला.

सासूबाईंनी फळी उचलली आणि सगळी डुकरांपुढे ओतली. सलामी, कोप्पा, चीज, सगळं. नासलं काहीच नव्हतं त्यातलं.

दिर्चे माझ्या पोरीला थोपटत बसली होती. भावाला म्हणाली, "दादा, एकदा तरी बोलायचंस."

"आता बोलून काय उपयोग?" ग्वेरिनो म्हणाला.

तेव्हा तो बोलला असता तर झाइराबाई थांबल्या असत्या की नाही, मला माहीत नाही. पण त्या पोरीला तिचा भाऊ तरी राहिला असता. त्याच्या त्या वाक्याचा राग अजून माझ्या अंगातून गेलेला नाही, आणि जावा असंही मला वाटत नाही.

जानेवारीत दिर्चे मोदेना शहरात विणकामाच्या कारखान्यात लागली. पुढे तिथल्याच एका छापखान्यातल्या माणसाशी तिनं लग्न केलं. मी तिच्याकडे जात असे. ती आमच्या घरी परत कधी जेवली नाही.

सासूबाई १९६१च्या फेब्रुवारीत गेल्या. ग्वेरिनो १९८७ साली गेला, चूक कबूल न करता. दिर्चे गेल्या वर्षी, २००९च्या मार्च महिन्यात, मोदेनाला वारली.