फाइलवाली गाडी

मी बोलतेय, एक जुनी राखाडी डिझेल गाडी. कान जवळ आणायची गरज नाही, आम्हा डिझेलवाल्यांना हळू बोलता येतच नाही.

कारखान्यातून बाहेर पडल्यावर मला नेलं ते गुरांच्या एका डॉक्टरांनी. चौदा वर्षं मी त्यांना गोठ्यागोठ्यांतून फिरवलं. एका वासरानं लाथ मारून माझ्या दाराला पोचा पाडला, पण मी चिखलात कधी रुतून बसले नाही. डॉक्टरांना एकच खोड होती. गाय असो की गाडी, केसपेपर हवाच! माझ्या फाइलमध्ये ते लिहायचे, 'खोकला. फिल्टर बदलला.' 'धाप लागते. नळी साफ केली.' 'भेसळीच्या डिझेलनं पोट बिघडलं. टाकी धुतली.' डॉक्टर असूनही त्यांचं अक्षर वाचता येण्यासारखं होतं, आणि तिथेच पुढे माझा घात झाला.

त्यांची नजर अधू झाली तेव्हा मी दलालाच्या शेडमध्ये आले. शेजारी पांढरी उभी होती. कंपनी तीच, मॉडेल तेच, म्हणजे माझी सख्खी बहीणच. ती आली तेव्हा तिच्या मीटरवर दीड लाख किलोमीटर होते, आठवड्यानं पन्नास हजार झाले. माणसांना वय लपवायला कलप लागतो, आम्हाला दलाल पुरतो. कागद मात्र तिच्याकडे एकही नव्हता.

"राखाडी महिनाअखेरपर्यंत गेली तर ठीक," दलाल आपल्या मेकॅनिकला म्हणाला, "नाहीतर भंगारात काढू."

तेव्हापासून शेडच्या दारात कोणी आलं की माझा जीव टांगणीला लागायचा.

एका रविवारी सकाळी तिघं आली. गाडी हवी होती नर्सबाईंना. पलीकडच्या गावच्या हॉस्पिटलात त्यांची सातची ड्यूटी, आणि पहाटेची बस बंद झालेली. चालवणार त्याच. त्यांच्या नवऱ्याला गाडी येत नव्हती, म्हणून निवडायचं काम त्याच्याकडे होतं. तो ग्रंथालयात कारकून. त्यानं पट्टीनं आखलेला तक्ता आणला होता: डावीकडे राखाडी, उजवीकडे पांढरी, खाली सतरा मुद्दे. चालवणारीचं मत हा मुद्दा सतरांत नव्हता.

तिसरा बाईंचा थोरला भाऊ. त्याचं चष्म्याचं दुकान, पण एकदा पंक्चर झालेलं चाक स्वतः बदलल्यापासून तो घराण्यातला इंजिनतज्ज्ञ झाला होता. उंटावरचा शहाणा म्हणतात तो हाच. त्यानं माझ्या टायरला लाथ मारली, पांढरीच्या टायरला लाथ मारली आणि दोन्ही वेळा "हं" म्हणाला.

मग फाइल उघडली गेली.

"अरे बापरे! भावजी, हे बघा. खोकला, धाप, पोट बिघडलं! ही गाडी आहे की सरकारी दवाखान्यातला पेशंट?"

"आणि पांढरीची फाइल?" नवऱ्यानं विचारलं.

"तिला लागलीच नाही साहेब," दलाल म्हणाला. "गॅरेजचं तोंड बघितलेलं नाही तिनं."

नवऱ्यानं तक्त्यात पांढरीला दहापैकी दहा दिले. मला तीन. माझ्या आयुष्यभराच्या काळजीला नापास करायला त्याला एक ओळ पुरली. मला रडू आलं असतं, पण मग ते म्हणाले असते, गळती आहे.

नर्सबाई पुढे आल्या. त्यांनी सवयीनं माझ्या बॉनेटवर तळवा ठेवला, मग पांढरीच्या.

"अहो, हिला ताप आहे."

"ऊन लागलं असेल बाई," दलाल म्हणाला.

"दोन्ही सावलीतच आहेत की. मग ही एकटीच कशी तापली?"

खरं कारण मला माहीत होतं. पांढरी थंड असली की सुरूच व्हायची नाही. म्हणून गिऱ्हाईक यायच्या आधी अर्धा तास दलाल तिला धक्का मारून तापवून ठेवायचा. मी ओरडून सांगितलं असतं, पण माझी चावी दलालाच्या खिशात.

"तू गप गं," भाऊ म्हणाला. "गरम म्हणजे जिवंत. थंड पडली म्हणजे संपली. तुला हॉस्पिटलात एवढंही शिकवलं नाही?"

नवरा हसला. पांढरी गेली.

पुढचं मला पांढरीनंच सांगितलं, तीन आठवड्यांनी दोरीला बांधून परत आणल्यावर. रोज सकाळी शेजारी धक्का मारायचे. बाई चारदा उशिरा पोचल्या, मेट्रननं मेमो दिला, पाचव्यांदा घरी बसावं लागेल म्हणाली. त्या चौथ्या वेळी तर पांढरीचं इंजिन रस्त्यातच जाम झालं होतं. बिचारी मला म्हणाली, "ताई, मी कोणाला फसवलं नाही गं. मला बोलूच दिलं नाही." तिचा राग मला आला नाही.

मेकॅनिकनं पांढरीचं इंजिन पाहून हात वर केले. मग तो माझ्याकडे वळला. "मॉडेल तेच आहे. हिचं इंजिन तिच्यात बसवू. हिचं अजून घड्याळासारखं चालतंय."

दोन दिवस लागले. दार, सीट आणि तो पोचा भंगारात गेले. चौदा वर्षांचं माझं अंग ट्रकमध्ये चढताना पाहणं सोपं नव्हतं. फाइल कोणी उचलली नाही.

आता मी पांढरीच्या बॉनेटखालून बोलतेय. आज थंडी कडाक्याची आहे. बाईंनी चावी फिरवली आणि मी पहिल्याच झटक्यात सुरू झाले. त्यांनी डोळे मिटून मोठा श्वास सोडला. भाऊ मुद्दाम बघायला आला होता.

"बघितलंत भावजी? मी पहिल्या दिवसापासून म्हणत होतो, पांढरीच घ्या!"

नवऱ्यानं मान डोलावली. बाईंनी हळूच गिअर टाकला.

तुम्ही कधी दोन जुन्या गाड्या बघायला गेलात, तर चालवणारीला आधी विचारा. बाकी मला आता वेळ नाही. सहा वाजून गेलेत आणि रस्ता लांबचा आहे. येते मी.