दानात गेलेला बूट

मी एक जुना बूट आहे. धावण्याचा, उजव्या पायाचा. डावा माझ्या शेजारीच आहे, पण तो पहिल्यापासून अबोल, म्हणून दोघांची हकिकत मीच सांगतो. मित्रांनो, आज माझा तळ झिजला आहे, नाक फाटले आहे, आणि मूळचा निळा रंग कुठे होता हे मलाच शोधावे लागते. कुंभकोणमच्या एका घराच्या पायरीवर मी बसून असतो.

माझा जन्म आंबूरकडच्या एका कारखान्यात झाला. कुणी मला कापले, कुणी शिवले, कुणी तळ चिकटवला, आणि शेवटी खोक्यात घालून दुकानात धाडले. तिथून मला तुकोजीरावांनी उचलले. तुकोजीराव टपाल खात्यात होते. घरात मराठी आणि उंबऱ्याबाहेर तमिळ, अशा तंजावरच्या जुन्या घराण्यातले. पहाटे महामहम तळ्याभोवती धावणारे एक मंडळ त्यांनी जमवले होते. त्यात राधाकृष्ण नावाचा त्यांचा सोबती होता. नाचियार्कोविलच्या पितळी समया विकणारा, गादीवर बसून पोट सुटलेला हा माणूस. त्याला तुकोजीरावांनी अक्षरशः हाताला धरून धावायला शिकवले होते. पोंगलनंतर तंजावर ते कुंभकोणम अशी मॅरेथॉन व्हायची होती, तिच्यात दोघांनी नावे दिली.

तुकोजीरावांनी मला दुकानात पायात घातले, दोन येरझारा घातल्या आणि पुन्हा खोक्यात ठेवले. "शर्यतीदिवशीं नवा जोडा घालीन," असे ते पत्नीला, राजेश्वरीबाईंना म्हणाले. खरे तर नवा बूट आधी थोडा वापरून मऊ करावा लागतो. पण चांगली वस्तू चांगल्या दिवसासाठी राखायची, ही त्या घरची रीत. मी वाट पाहत राहिलो.

दिवाळीच्या सुमारास तुकोजीरावांना ताप आला आणि आठवडा उलटायच्या आत ते गेले.

बाराव्या दिवशी दाने निघाली. मेलेल्या माणसाला वर्षभर चालावे लागते, वाट तापलेल्या वाळूची असते, म्हणून छत्री, पाण्याचा तांब्या आणि पायताण दान द्यायचे, आणि घेणाऱ्याने ते वापरले की मेलेल्याला पोहोचते, असे ही माणसे मानतात. नातेवाइकांनी चपला आणल्या होत्या. राजेश्वरीबाईंनी त्या बाजूला सारल्या आणि माझे खोके पुढे ठेवले.

"चपलेनं त्यांचें भागायचें नाहीं. हे घालून जाऊं देत."

पुरोहित शिवप्रसादशास्त्री क्षणभर गोंधळले. पण बाईंच्या तोंडाकडे पाहून त्यांनी हात पुढे केला. धावायचे बूट दानात गेल्याचे कुंभकोणमात ते पहिलेच उदाहरण असेल.

तिथून मी गेलो तो थेट शास्त्रीबुवांच्या माळ्यावर. धोतर नेसून सायकलवर घरोघर जाणारा माणूस मला घालून करणार काय? शिवाय त्यांचा पाय लहान. पायातली वहाण पायातच बरी, असे तुम्ही माणसाला हिणवायला म्हणता. मित्रांनो, मला विचाराल तर पायात असणे हेच आमचे भाग्य. माळ्यावर मला रडू येई.

मासिक श्राद्धाला राजेश्वरीबाईंनी विचारलेच.

"शास्त्रीबावा, जोडा घालतां कीं नाहीं?"

शास्त्री खोटे बोलू शकले असते. बोलले नाहीत. "नाहीं अक्का. माळ्यावर ठेवलाय."

"तर मग ते अनवाणी चालताहेत," त्या हळूच म्हणाल्या. त्या दिवसापासून त्यांनी स्वतः चप्पल घालणे सोडले. दुपारच्या उन्हात बाजारालाही त्या तशाच जात. त्यांच्या तळपायांना भेगा पडल्या. शास्त्रीबुवांच्या जिवाला घोर लागला. दान घेतलेली वस्तू त्याच घरी परत देता येत नाही, दोघांनाही दोष लागतो. पण दुसऱ्या कुणाला दिली तर? एका संध्याकाळी मला काखेत मारून ते राधाकृष्णाच्या दुकानात गेले.

सोबती गेल्यापासून राधाकृष्णाने धावणे टाकले होते. त्याची पत्नी विजयलक्ष्मी मला पाहून दचकली. "मेलेल्या माणसाचा जोडा घरांत नको."

"मेलेल्याचा नव्हे, माझा आहे," शास्त्री म्हणाले. "तो मी तुम्हांस देतों. राधाकृष्णा, ती शर्यत तूं हा घालून धांव. तुझ्या पायांनीं तरी दान पोंचूं दे."

राधाकृष्ण बराच वेळ समया पुसत राहिला. मग त्याने पाय पुढे केला. मी त्याला मोठा होत होतो. "सरि, बरं," तो म्हणाला. "दोन मोजे घालीन."

शर्यतीला थोडेच दिवस उरले होते. ढेरी सांभाळत त्याने जमेल तेवढा सराव केला, पण जुन्या बुटांत. मला त्यानेही त्या दिवसासाठीच राखून ठेवले. काय म्हणावे या माणसांना!

तंजावरहून आम्ही अंधारातच निघालो. कधी नव्हे ते रस्ता माझ्या तळाला लागत होता आणि मी हरखून गेलो होतो. पण अय्यमपेट्टै मागे पडले तसा मी त्याला चावू लागलो. मुद्दाम नव्हे हो! मी नवा, ताठ, त्यात मोठा. पापनाशमपाशी त्याची टाच सोलली. पुढे मोजे ओले झाले, आणि तो घाम नव्हता.

सोबतचे धावणारे केव्हाच पुढे निघून गेले. ऊन चढले. दारासुरमजवळ पाणी देणारा एक म्हातारा म्हणाला, "बूट काढून टाका, सार. अनवाणी चाला, बरं वाटेल." राधाकृष्ण खाली बसला, त्याने माझ्या नाडीला हात घातला. मित्रांनो, मीही मनात म्हणत होतो, काढ बाबा. पण त्याने नाडी उलट घट्ट केली.

"काढले तर ते अनवाणी होतील," तो पुटपुटला आणि लंगडत उठला.

महामहम तळ्याशी आम्ही पोहोचलो तेव्हा शर्यतीचा मांडव उतरत होता आणि रस्ता गाड्यांना मोकळा झाला होता. शास्त्रीबुवांकडून सारे कळल्यामुळे पायऱ्यांवर राजेश्वरीबाई अनवाणी उभ्या होत्या, शेजारी विजयलक्ष्मी होती. राधाकृष्ण त्यांच्यापुढे धपकन बसला.

"वैनी, एका पावलापुरतेसुद्धां काढले नाहींत."

बाई खाली बसल्या. त्यांनी माझी नाडी सोडली, मला अलगद ओढले. मोजा कातडीला चिकटला होता. तो निघाला तेव्हा राधाकृष्णाने ओठ चावला आणि बाईंचा हात थांबला.

"भावजी, हें काय करून घेतलांत?" त्या म्हणाल्या. "मी गेल्या माणसाच्या पायांची काळजी करत बसलें, आणि जित्याचे सोलले."

त्यांनी ओंजळीने पाणी आणून त्याचे पाय धुतले, पदराने टिपले. मग विजयलक्ष्मीने आपल्या चपला त्यांच्यापुढे सरकवल्या, आणि या खेपेस त्यांनी त्या घातल्या.

टाचा भरल्यावर राधाकृष्ण पुन्हा धावू लागला आणि मी झिजलो तो त्याच्याच पायांत; आता त्याच्याच पायरीवर असतो. ते दान तुकोजीरावांना पोहोचले का, ते मला ठाऊक नाही. मला फक्त तंजावरचा रस्ता ठाऊक आहे. मित्रांनो, गेलेल्या माणसासाठी जे करायचे ते मनापासून करा. पण त्याच्यासाठी जो धावतो आहे, त्याचे बूट एकदा काढून बघा.