तलवार गेलेली ज्युदित

मी फ्लॉरेन्समधल्या एका घरातली, भाजलेल्या मातीची जुनी मूर्ती आहे. माझं नाव ज्युदित. मित्रांनो, आधी मला नीट पाहा, मग बोला.

ज्युदित ही ख्रिस्ती धर्मग्रंथातली विधवा. शत्रूने वेढा घातला तेव्हा तिच्या गावचे पुरुष शरण जायला निघाले होते. ती छावणीत शिरली आणि सेनापतीचं मुंडकं कापून घेऊन आली. म्हणून मूर्तिकाराने माझ्या हाती उगारलेली तलवार दिली आणि ते मुंडकं पायाशी ठेवलं.

लोकरीचा व्यापारी बार्तोलो याने मला हौसेने घेऊन बैठकीत मांडलं. त्याचे मित्र वाइन पीत माझ्यावर भाषणं करीत. ‘ही म्हणजे आपल्या नगराचं स्वातंत्र्य!’ मी बाई आहे, हे कोणाच्या ध्यानातच नव्हतं.

पुढे बार्तोलो तापाने गेला. त्याच्या बायकोने, नान्निनाने, मला उचलून जेवणघरात शेकोटीवरच्या फळीवर ठेवलं. तिथे तिच्या दोन लहान मुली बसत. आता मात्र मी बाई आहे हे सगळ्यांना दिसू लागलं.

“वहिनी, पुरुषाला मारणारी बाई घरात? अपशकुन आहे हा!” धाकटा दीर गुच्चो म्हणाला. “खाली मान घातलेली एखादी कुमारिका मांडा. पोरी तिच्याकडे बघून शिकतील.”

“बैठकीत होती तेव्हा नाही झाला अपशकुन, भावोजी?”

एके सकाळी नान्निनाचा भाऊ पिएरो घोडा घेऊन दारात आला. “चल, तुझं लग्न ठरवलंय.” आमच्या शहरात तरुण विधवेला माहेरचे असेच परत नेत. मुलं बापाच्या घरची, ती मागे राहत.

“आणि माझ्या मुली?”

“त्या इथल्या.”

“मग दादा, मीही इथलीच.”

गुच्चोचं माथं भडकलं. “ही सगळी या बयेची शिकवण!” त्याने मला फळीवरून ओढून जमिनीवर आपटलं. माझा उजवा हात तलवारीसकट तुटला, पायाशी असलेलं मुंडकंही फुटलं. पोरी रडू लागल्या. नान्निनाने मला उचलून पुन्हा फळीवर ठेवलं.

“आणखी फोडा. मी जात नाही.”

तेव्हा सूत कातत बसलेली सासू लापा उठली. ती आजवर कोणाला उलट बोलली नव्हती.

“पिएरो, मलाही माझ्या भावाने असंच नेलं होतं रे. पहिल्या घरी माझं तान्हं राहिलं. तो मुलगा आता बाजारात भेटतो. मला म्हणतो, ‘बाई, जरा वाट द्या.’”

लापाने कमरेचा किल्ल्यांचा जुडगा सोडून सुनेच्या हातात दिला. “गुच्चो, आता घर ही चालवेल. पटत नसेल तर दार उघडं आहे.”

पिएरो मोकळा घोडा घेऊन परत गेला. नान्निनाने दोन्ही मुली त्याच घरात वाढवल्या, आणि त्या मान वर करून चालल्या.

त्यानंतर मी कित्येक घरं पाहिली. कोणी मला गवळण म्हणालं, कोणी माळीण. एका मालकाला तर माझ्या मोडक्या खांद्याला फुलांचा गुच्छ धरलेला नवा हात जोडायचा होता! मित्रांनो, जुन्या मूर्तींना जपा. माझी धूळ हलक्या हाताने पुसा, तडे सांभाळा. पण कोणी फुलं घेऊन आलं, तर त्याला ठणकावून सांगा, “फुलांसाठी घरात भांडी पुष्कळ आहेत. ही ज्युदित आहे.”