मानलेलं माहेर

सोपानरावांना गावात कुणी नावानं हाक मारत नाही. सगळे ‘पाटील’ म्हणतात, आणि खरं सांगायचं तर त्यांना ते आवडतं. शिनोली मागे पडली की डोंगराच्या अंगाला जी लहान लहान गावं लागतात, त्यातल्या एकाचे ते बावीस वर्षं पोलीस पाटील आहेत. गावातली भांडणं गावातच मिटवायची, अनोळखी माणूस मुक्कामाला आला की ठाण्याला कळवायचं आणि ज्याला लागेल त्याला दाखला लिहून द्यायचा, हे त्यांचं काम. ऑफिस कुठलंही असो, आत शिरताना त्यांची छाती दोन इंच पुढे असते.

त्या दिवशी घोडेगावला उज्ज्वलाताई वकिलांच्या खोलीत ते तसेच ऐटीत शिरले. मागे सून, तिच्या कडेवर दोन वर्षांची नात, श्रेया.

“बारकंच काम हाय, ताई,” पाटील खुर्ची ओढत म्हणाले. “हिची आय तिकडं लई आजारी हाय. डॉक्टरनी महिनाभराची मुदत दिलीया. हिला जाऊन यायचंय. कागदाचं तेवढं बगा.”

‘तिकडं’ म्हणजे श्रीलंकेत. सुनेचं मूळ नाव दिल्हानी. पाटलांचा मुलगा आदेश दुबईच्या एका हॉटेलात स्वयंपाकघरात होता, ती तिथंच कपडे धुण्याच्या विभागात. दोघांचं जमलं. आदेशनं नोकरी सोडली, आणि पाठोपाठ ती सहा महिन्यांचा व्हिसा घेऊन इथं आली. रंगरूप असं की घोडेगावच्या बाजारात भाजी घेताना कुणी वळूनही पाहणार नाही. मराठी सासूकडून, साळुबाईंकडून शिकली. त्यामुळे बोलते तीही अस्सल इथलीच.

लग्नात एकच अडचण आली. मुलीकडचं कुणीच नव्हतं. कन्यादान करायचं कुणी? तेव्हा वर डोंगरातल्या आहुप्याचा गेणू पुढे झाला. हिरडा विकायला खाली उतरला की पाटलांच्या ओसरीवर टेकणारा हा जुना दोस्त. त्याला तीन मुलगे, लेक नाही. “आमी देतो की पोरगी,” तो म्हणाला. त्याच्या बायकोचं नाव नेमकं लंकाबाई, तेव्हा मांडवात हसून हसून लोकांची मुरकुंडी वळली. पण दोघांनी हातावर पाणी सोडलं ते खऱ्या आईबापासारखं, डोळे पुसत. मुलीचं नाव अश्विनी ठेवलं. तेव्हापासून दिवाळीला ती आहुप्याला जाते, येताना नाचणीचं पीठ आणि लुगडं घेऊन येते. बाळंतपणात लंकाबाई पंधरा दिवस येऊन राहिली होती. हे नातं नाटकातलं नव्हतं, हे आधीच सांगून ठेवतो.

उज्ज्वलाताईंनी पासपोर्ट उघडला, पानं उलटली, पुन्हा मागे आल्या.

“पाटील, हिचा व्हिसा तीन वर्षांपूर्वी संपलाय.”

“संपला आसंल. लगीन झालं न्हाई का?”

“लग्नानं व्हिसा वाढत नाही. लग्नाची नोंद दाखवून दुसरा व्हिसा मागता आला असता. मुदतीच्या आत का नाही आलात?”

पाटलांना ती दुपार आठवली. मुदत संपायला आठ दिवस होते, सून पासपोर्ट हातात घेऊन ओसरीवर आली होती. “मामा, ही तारीक बगा ना,” म्हणाली होती. आणि ते हसले होते. “आगं, आता तू गेणूची लेक आन् माजी सून. आपल्याच गावात ऱ्हायाला कुणाची परवानगी मागतीस?” पोर बिचारी हसून आत गेली होती.

पुढचा कागद ताईंनी काढला तो पाटलांच्याच हातचा. ‘अश्विनी, गेणू यांची कन्या, मूळ राहणार आहुपे, लग्नानंतर आमचे गावी कायम रहिवासी.’ खाली सही, शिक्का. त्या दाखल्यावर रेशन कार्डात नाव चढलं, पुढे आधार निघालं. लिहिताना पाटलांना क्षणभरही वाटलं नव्हतं की आपण खोटं लिहितोय. कन्यादान ज्यानं केलं त्याचीच लेक, आणखी काय लिहायचं?

“कन्यादानानं ती तुमच्यासाठी लेक झाली,” ताई सावकाश म्हणाल्या. “कायद्यासाठी नाही. कायदा म्हणेल, परदेशी बाईनं खोट्या बापाच्या नावावर कागद केले.”

“म्हंजी गुन्हा?”

“काही देशांत मुदत संपल्यावर राहिलं तर तो नुसता नियमभंग धरतात, परत पाठवतात, विषय संपतो. आपल्याकडे नुसतं राहणं हाच गुन्हा आहे. कुंपणावरून उडी मारून आलेला आणि दारातून येऊन मुदतीनंतर थांबलेला, दोघांना एकच शब्द आहे. अवैध स्थलांतरित.”

दिल्हानीला शब्द कळला नाही, पण सासऱ्याचं तोंड पाहून अर्थ कळला. तिनं श्रेयाला छातीशी ओढलं. “मला जेलात घालत्याल का?” तिनं विचारलं.

ताईंनी तिला पाणी दिलं आणि वाटा सांगितल्या. गप्प बसलं तर आज ना उद्या कुणीतरी बोट दाखवणार, आणि तोवर ती इथून हलू शकणार नाही. विमानतळावर पहिल्याच खिडकीत अडकेल. दुसरी वाट, पाटलांनी म्हणायचं की हिनं मला फसवलं. पाटील सुटतील, ती अडकेल. तिसरी, पाटलांनी स्वतः ठाण्यात लिहून द्यायचं की दाखला माझ्या अकलेनं दिला, तिनं काही लपवलं नव्हतं. पाटीलकी जाईल, कदाचित खटलाही होईल. पण मग तिची चूक मुदतीपुरती उरेल आणि देश सोडायची परवानगी मागता येईल.

“आन् परत यायची?” पाटलांनी विचारलं.

“ते मी सांगू शकत नाही. काही वर्षं बंदी घालतील, किंवा घालणारही नाहीत.”

“मग मी पोरीला घिऊन जाते,” दिल्हानी लगेच म्हणाली. “तिला हितं ठिवून गेले आन् मला येऊच दिलं न्हाई तर?”

ताईंनी चष्मा काढला. इतका वेळ त्या हाच प्रश्न टाळत होत्या. “श्रेया जन्मली तेव्हा तुझा व्हिसा संपलेला होता. आईबापांतलं एक भारतीय असलं तरी दुसरं अवैध असेल, तर ते मूल जन्मानं भारतीय ठरत नाही.”

“ताई, मंचरच्या दवाखान्यात जन्मलीया ती!” पाटलांचा आवाज चढला. “बारशाला आख्खं गाव जेवून गेलं! माज्या बापाची, आज्याची हाडं ह्याच मातीत हायती.”

“माहीत आहे, पाटील.”

“मग?”

“मग काही नाही. हिला न्यायचं तर श्रीलंकेच्या वकिलातीत नोंद करून तिकडचे कागद काढावे लागतील. त्याआधी इथं परदेशी म्हणून दाखवावी लागेल.”

घरी आल्यावर साळुबाईंनी सगळं ऐकलं आणि चुलीपुढून उठल्याच नाहीत. आदेश कंपनीतून आला, ऐकलं आणि भडकलाच. “काय लिवून देऊ नगा, आबा. तीन वर्सं कुणी इचारलं न्हाई, पुढंबी न्हाई इचारणार. तिनं जायाचं न्हाई, बास!”

दिल्हानी दारात उभी होती. ती ओरडली नाही. “धनी, तुमची आय त्या चुलीपुढं बसलीया,” ती म्हणाली. “माजी मरतीया. तिनं नात फकस्त मोबाईलवर बगितलीया. मला सांगा, मी कंच्या तोंडानं बास म्हनू?”

आदेश खाली बसला. एवढं मोठं मोकळं शिवार भोवती, आणि चौघांना त्या घरात श्वास घ्यायला जागा उरली नव्हती. पाटलांना आदेशचा राग येईना. आपल्या त्या दुपारच्या हसण्याचा मात्र असा राग आला की स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी आधी एका साध्या कागदावर कबुली लिहिली. दाखला मी दिला. मला कुणी फसवलं नाही. सुनेनं वेळेवर विचारलं होतं, मीच ऐकलं नाही. यात गेणूचा काही दोष नाही. हे लिहिल्यावर जरा हलकं वाटलं.

मग ठाण्याचा छापील तक्ता पुढे घेतला. गावात राहणाऱ्या परदेशी व्यक्तींची माहिती. पहिल्या ओळीत सुनेचं नाव लिहिलं, पासपोर्टवरचं, अवघड स्पेलिंगचं, तीनदा पडताळून. देश, श्रीलंका. कुणाकडे राहतात, माझ्याकडे.

दुसऱ्या ओळीत त्यांनी लिहिलं, श्रेया. पुढे आदेशचं नाव लिहिलं, मग आपलं आडनाव. देशाच्या रकान्याशी पेन थांबलं. इथली म्हणावं तर कायदा नाही म्हणतो, तिकडची म्हणावं तर तिकडच्या वहीत अजून नोंद नाही. त्यांनी तो रकाना कोरा सोडला आणि पुढे सरकले.

‘गावात केव्हापासून?’

आजच्या आधी बावीस वर्षांत त्यांनी या तक्त्यात कधी कुणाचं नाव लिहिलं नव्हतं. त्यांनी स्वच्छ अक्षरात लिहिलं, जन्मापासून.

एवढं लिहून झालं आणि पाटील ओसरीवर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, हमसून हमसून रडायला लागले. साळुबाई धावत बाहेर आल्या. दिल्हानी जवळ येऊन बसली, पण तिनं त्यांना उगी केलं नाही.

“मामा,” थोड्या वेळानं ती म्हणाली, “धाच्या गाडीनं ठाण्याला निगावं लागंल. आय वाट बगती.”