सुतकातली पाळी

मी चिडकी आहे, हे माझी आईसुद्धा मान्य करते. त्या दिवशी तर डोकं फिरलंच होतं. दोन वर्षं खपून मी कालव्याच्या पाण्यासाठी एक छोटी संगणकभाषा बनवली होती. बेचाळीस गावांच्या पाणीवाटपाचे नियम तिच्यात साध्या मराठीत लिहायचे आणि यंत्रानं ते तसेच पाळायचे. पण आमचे पुण्याचे नितीनसाहेब म्हणाले, "शुभांगी, हे गावात वाचणार कोण? नेहमीच्या संगणकभाषेत लिहून टाकू." शेवटी एकच संधी दिली. कोल्हारच्या पाणी संस्थेत कुणी वाचून एक जरी चूक काढली, तर माझी भाषा राहील. नाहीतर गाशा गुंडाळायचा.

वाचायला बसले गावचे पाटकरी भिमाजीतात्या. तीस वर्षं त्यांनी कालव्यातून शेतांकडे जाणाऱ्या चाऱ्यांची दारं उघडली, लावली. पडद्यावर ओळी होत्या:

चारीच्या शेवटच्या शेताला पहिली पाळी.
शेतकरी आला नाही, तर पाळी पुढच्याला.

पहिलीला त्यांनी मान डोलावली. दुसरीपाशी इतके थांबले की साहेबांनी घड्याळ बघितलं.

"हे चुकलंय," तात्या म्हणाले.

"अहो, संस्थेच्या कागदावर तसंच आहे," मी फणकारले.

"कागदावर आसंल. माझी बायको गेली तवा मी धा दिस घराभाईर पडलो न्हाई. शेजारच्या काकासाहेबानं सोताचं काम सोडून माझ्या उसाला पानी दिलं. सुतकातली पाळी जात न्हाई, पोरी. शेजाऱ्यानं धरायची आसती."

दोन वर्षांत हे मी कुणाला विचारलंच नव्हतं. लाज वाटली. मी लॅपटॉप त्यांच्यापुढे सरकवला.

एका बोटानं त्यांनी लिहिलं: घरात सुतक असेल, तर पाळी शेजाऱ्याने धरायची.

खाली लाल रेघ आली. 'सुतक' म्हणजे काय, हे भाषेला माहीत नव्हतं. तात्यांना दिवस विचारून मी ते तिला शिकवलं आणि पुन्हा चालवलं. रेघ गेली. कोल्हारचं वेळापत्रक नव्यानं लागलं.

साहेब खुर्ची ओढून जवळ आले. "बाकीच्या गावांतही असंच असेल का हो?"

"मला काय ठावं? त्यास्नीच वाचाय द्या की."

साहेबांनी पुढच्या गावच्या पाटकऱ्याचा नंबर मागितला.

"घ्या," तात्या म्हणाले. "अन् त्याला म्हनावं, येताना चष्मा आन."