मुराळी

पुरुषोत्तम गावडेच्या पायाला त्या हिवाळ्यात भिंगरी लागली होती. अमेरिकेत पार्सिपनीच्या दोन खोल्यांत माणूस चालून चालून चालणार किती? पण हा चालायचा, आणि हातात पणजोबांची वही. मॉरिशसला उसाच्या मळ्यात राबायला गेलेल्या मोरेश्वर गावडेंच्या अक्षरातल्या, तिथल्या क्रिओल बोलीतल्या कविता होत्या त्या. दर दुसऱ्या कवितेत एकच गाव: कुरणवाडी.

मॉरिशसला नव्वदीतले बाबा एवढंच मागत होते, की डोळे मिटायच्या आत आपलं गाव कळू दे. म्हणून २००६च्या दिवाळीत हा रत्नागिरीकडच्या कुरणवाडीला जाऊन आला. दारोदार फिरला. गावडे? छे, इथे कधीच नव्हते, सगळ्यांचं एकच उत्तर. फोनवर ते ऐकून बाबा म्हणाले, गावानं झटकलं आपल्याला. तेव्हापासून ते धड जेवत नव्हते, आणि ह्याला बसवत नव्हतं.

शेवटी शेजारच्या उल्काकाकूंनी त्याला दटावून खुर्चीत बसवलं. काकू संगमेश्वरच्या, जिभेला हाड नाही. मराठीत सांगत सांगत वाच म्हणाल्या. त्यानं वाचलं: ऊस तोडून झाला, गाठोडं बांधून ठेवलंय, दादा, कुरणवाडीहून न्यायला कधी येतोस?

काकूंनी चहाचा कप खाली ठेवला.

"अरे वेड्या, भाऊ न्यायला येईल म्हणून पुरुष वाट बघतो होय? ह्या ओव्या आहेत. बाईच्या."

पुरुषोत्तमनं वहीतलं पणजोबांचं अक्षर पुन्हा न्याहाळलं. पणजी गिरजाबाईंना अक्षरओळख नव्हती, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. त्या म्हणत गेल्या, मोरेश्वर लिहीत गेले. म्हणजे कुरणवाडी पणजीचं माहेर! आणि हा शहाणा बायकोच्या माहेरी जाऊन नवऱ्याचं आडनाव विचारत हिंडला होता. स्वतःचाच इतका राग त्याला कधी आला नव्हता.

त्यानं तिथल्या तिथे मॉरिशसला फोन लावला आणि सगळं सांगितलं. बाबांनी एवढंच विचारलं.

"आला होता का रे तिचा भाऊ?"

पुरुषोत्तमनं शेवटचं पान उघडलं. तिथेही गाठोडं बांधलेलंच होतं.

"नाही, बाबा."

"मग तू जा तिचा मुराळी होऊन. वही घेऊन जा. आणि ह्या वेळी आपलं नाव विचारू नकोस, तिचं सांग."

पुरुषोत्तमला हुंदका आवरेना. पलीकडे बाबा वहिनीला पान वाढायला सांगत होते.